हायड्रोजन, निकेल आणि काजळी



निकेल हा धातु आपणांपैकीं अनेकांच्या हातांतून गेलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चांदीची टंचाई झाली, आणि १९४६-४७ सालीं पावली, अधेली व पाठोपाठ रुपयाही निकेलचा पाडण्यांत आला. जुन्या नाण्यांचा डबा ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं त्या वेळचें एखादें नाणें लोहचुंबकाजवळ नेऊन पाहावें. तें टपकन् चिकटतें. चांदीचें नाणें असें करीत नाहीं. परंतु आज मला निकेलच्या ज्या गुणाविषयीं बोलावयाचें आहे तो याहून अधिक गूढ आणि व्यवहाराच्या दृष्टीनें कितीतरी अधिक मोलाचा आहे. निकेलचा हायड्रोजन वायूशीं फार जुना स्नेह आहे.

१८९७ सालीं फ्रान्समधील तुलूझ येथें पॉल साबात्ये आणि त्यांचे सहकारी सांदराँ यांना असें आढळून आलें कीं, एथिलीन व हायड्रोजन हे दोन वायु निकेलच्या बारीक भुकटीवरून एकत्र नेले असतां त्यांचा संयोग होतो, आणि निकेल मात्र जसेंच्या तसें राहतें. ज्या पदार्थाच्या सान्निध्यानें रासायनिक क्रिया त्वरेनें घडते, परंतु जो स्वतः क्रियेच्या अखेरीस शिल्लक उरतो, त्यास उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरकाला विरजणाची उपमा देण्याचा प्रघात आहे, पण ती मला फारशी पटत नाहीं. विरजण दह्यांत मिसळून जातें. उत्प्रेरक हा वधूवरांची गांठ घालून देऊन आपण बाजूस होणारा मध्यस्थ होय. साबात्ये यांना या कार्याबद्दल १९१२ सालीं नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. त्यांच्या शोधावर तेल घट्ट करण्याचा धंदा उभा राहिला, आणि १९३२ सालीं आपल्या मुंबईंत शिवडी येथें वनस्पति तूप तयार होऊं लागलें. डालड्याच्या डब्यांतील तें पांढरें रवाळ तूप म्हणजे निकेलच्या मध्यस्थीनें ज्यांत हायड्रोजन शिरला आहे असें तेल.

आतां, जो मध्यस्थ लग्न जमवून देतो तोच प्रसंगीं काडीमोडही करून देऊं शकतो. हायड्रोजन दुसऱ्या पदार्थाशीं जोडण्यास निकेल जसें उपयोगी पडतें, तसेंच तें त्याला दुसऱ्या पदार्थापासून सोडविण्यासही उपयोगी पडतें. आजचा विषय या सोडवणुकीचा आहे. ज्या पदार्थापासून हायड्रोजन सोडवावयाचा तो पदार्थ म्हणजे मिथेन वायु.

मिथेन आपणांस अपरिचित नाहीं. दलदलींतून जे बुडबुडे वर येतात त्यांत तो असतो. शेणापासून मिळणाऱ्या जळाऊ वायूचा निम्म्याहून अधिक भाग त्याचाच. भूगर्भांतून निघणारा नैसर्गिक वायु तर मुख्यतः मिथेनच होय. कार्बनचा एक अणु मध्यें आणि त्याला चार दिशांनीं घट्ट धरून बसलेले हायड्रोजनचे चार अणु, अशी त्याच्या रेणूची रचना आहे. वजनाचा हिशेब केला तर सोळा शेर मिथेनमध्यें बारा शेर कार्बन आणि चार शेर हायड्रोजन असतो. हा रेणु मोठा हट्टी आहे. त्याची नुसती उष्णतेनें फोड करूं म्हटलें तर हजार अंश सेंटिग्रेडच्याही वर जावें लागतें.

एवढे सायास करून हायड्रोजन कशाकरितां मिळवावयाचा, असें कोणी विचारील. त्याचें एक उत्तर आपल्या ताटांतच आहे. हायड्रोजनचा हवेंतील नायट्रोजनशीं संयोग करून अमोनिया तयार करतात आणि अमोनियापासून युरिया हें खत तयार होतें. १९७४ सालीं मुंबईजवळ समुद्राच्या तळाखालीं तेलाचा व वायूचा सांठा सांपडला. अलिबागेजवळ थळ येथें खताचा जो विस्तीर्ण कारखाना आहे तो नैसर्गिक वायूंतील हायड्रोजनच अमोनियांत गुंफतो. सांगलीचा ऊंस असो कीं नाशिकचा कांदा असो, त्याच्या पानांतील नायट्रोजनचा कांहीं भाग अशाच एखाद्या भट्टींतून आलेला असतो. खनिज तेलाच्या शुद्धीकरणासही हायड्रोजन फार लागतो. सर्व जगांत मिळून वर्षाला नऊ ते दहा कोटि टन हायड्रोजन तयार होतो, आणि त्यांतील सर्वांत मोठा वांटा मिथेनचाच आहे.

हें काम करण्याची रूढ रीति अशी. निकेल चढविलेल्या चिनीमातीसारख्या गोळ्या उभ्या नळ्यांत भरतात. या नळ्या तीन-चार पुरुष उंच असतात. कित्येक तर त्याहूनही बऱ्याच उंच. बाहेरून ज्वाळांनीं त्या आठशें-नऊशें अंशांपर्यंत तापवितात, आणि आंतून मिथेन व पाण्याची वाफ हवेच्या दाबाच्या वीस-तीस पट दाबानें सोडतात. मिथेनचा एक रेणु आणि पाण्याचा एक रेणु मिळून कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणु व हायड्रोजनचे तीन रेणु होतात. पुढें त्या मोनॉक्साइडवर आणखी वाफ सोडून हायड्रोजनचा चवथा रेणु काढून घेतात आणि मागें कार्बन डायॉक्साइड उरतो. अमेरिकेंत बॅटन रूज येथें १९३० सालीं आणि इंग्लंडांत बिलिंगहॅम येथें १९३६ सालीं या पद्धतीच्या मोठ्या भट्ट्या सुरू झाल्या, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

या रीतींत दोन दुखणीं आहेत. पहिलें सर्वांस ठाऊक आहे. भट्टी तापविण्याकरितां जाळलेला वायु धरून, एक किलो हायड्रोजनमागें नऊ-दहा किलो कार्बन डायॉक्साइड आकाशांत जातो, आणि पृथ्वी तापविण्याच्या कामीं त्याची भर पडते. दुसरें दुखणें कारखान्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नसतें. तें आहे निकेलच्या स्वभावांतील, आणि तें इतकें जुनें आहे कीं साबात्यांच्याही आधीं तें एकाच्या पदरीं आलें होतें.

लुडविग माँड हे मूळचे जर्मन, पण इंग्लंडांत स्थायिक झालेले रसायनज्ञ व कारखानदार. नवसागरापासून क्लोरीन काढण्याच्या खटपटींत त्यांनीं आपल्या यंत्रांत निकेलच्या झडपा बसविल्या होत्या, कारण दुसरा कोणताही स्वस्त धातु त्या तीव्र वाफांपुढें टिकत नव्हता. प्रयोगशाळेंत झडपा उत्तम चालल्या. कारखान्यांत मात्र त्या लवकरच गळूं लागल्या. उघडून पाहतात तों त्यांवर काळें कवच चढलेलें, आणि त्यांत कार्बन! शोध घेतां असें दिसलें कीं, कारखान्यांतील वायूंत थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला होता आणि निकेलनें त्यांतून कार्बन ओढून काढला होता. या काजळीचा पाठपुरावा करतां करतां माँड, लँगर आणि क्विंके यांना १८९० सालीं निकेल कार्बोनिल हा चमत्कारिक वायुरूप पदार्थ सांपडला आणि त्यांतून निकेल शुद्ध करण्याचा एक नवाच धंदा निघाला. कारखान्यांतील बिघाडाचें असें सोनें करणारीं माणसें थोडींच.

काजळी कां धरते, हें आतां पाहूं. मिथेनचा रेणु निकेलच्या पृष्ठावर उतरला कीं निकेल त्याचे हायड्रोजनचे अणु एकेक करून सोडवितें. शेवटीं उरतो नुसता कार्बन. जवळ वाफेंतला ऑक्सिजन असेल तर तो कार्बनला घेऊन जातो आणि जागा मोकळी होते. परंतु तसा ऑक्सिजन वेळेवर न मिळाला, तर तो एकटा कार्बनचा अणु निकेलवर इकडेतिकडे भटकूं लागतो, दुसऱ्या भटक्याला भेटतो, तिसऱ्याला भेटतो. आणि अशा अणूंचें एकदां टोळकें जमलें कीं त्यांचें ग्रॅफाइट होतें. शिसपेन्सिलींत असतें तेंच हें ग्रॅफाइट. त्याच्या पापुद्र्यानें निकेल झांकलें गेलें म्हणजे मिथेनला त्याचा स्पर्शही होत नाहीं.

पण याहूनही विलक्षण प्रकार आहे. १९७२ सालीं इंग्लंडांतील हार्वेल येथील संशोधनकेंद्रांत बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं, क्रिया चालूं असतांनाच, निकेलच्या कणांचें निरीक्षण केलें. त्यांना दिसलें तें असें: कार्बन निकेलच्या कणावर सांचतो हें खरें, परंतु पुष्कळदां तो कणाच्या खालीं तंतूच्या रूपानें वाढत जातो आणि त्या निकेलच्या कणालाच आधारावरून उचलून घेतो. नागाच्या मस्तकावर मणि असावा त्याप्रमाणें वळवळत वाढणाऱ्या काळ्या तंतूच्या टोंकाशीं निकेलचा कण. पुढें २००४ सालीं डेन्मार्कमधील टॉप्सो या कंपनीच्या प्रयोगशाळेंत हेल्व्हेग प्रभृतींनीं मिथेनमध्यें वाढणाऱ्या अशाच तंतूंची अणूंपर्यंतची चित्रें घेतलीं. त्यांत निकेलचा स्फटिक लांबतो, पुन्हा आंखडतो, पुन्हा लांबतो, आणि प्रत्येक वेळीं त्याच्या अंगावरील सूक्ष्म पायऱ्यांच्या कडेला ग्रॅफाइटचा नवा पापुद्रा फुटतो असें स्पष्ट दिसलें. धातु इतका जिवंतपणें हालतो हें पाहणाऱ्यांनाही नवल वाटलें असेल.

हा तंतु दिसावयास नाजूक असला तरी त्याच्या अंगीं बळ आहे. पिंपळाचें रोप जसें देवळाची भिंत फोडतें, तसे हे तंतु गोळीच्या बारीक छिद्रांत वाढून ती कठीण गोळी आंतून फोडून टाकतात. भुगा होतो, नळी तुंबते, वायूचा प्रवाह त्या नळींत मंदावतो. मग आंतली क्रिया थांबल्यामुळें तेथली उष्णता वापरली जात नाहीं आणि ती नळी शेजारच्या नळ्यांपेक्षां अधिक लाल दिसूं लागते. अनुभवी माणूस भट्टीच्या झरोक्यांतून डोकावून ही लाली ओळखतो. त्यानें ती वेळीं ओळखली नाहीं तर नळी फुटूं शकते, आणि आंत दाबाखालीं आहे तो हायड्रोजन! म्हणून काजळी हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाहीं.

कारखानदारांचा जुना उपाय सरळ आहे: वाफ जास्त सोडावी. क्रियेपुरती एका रेणूस एक रेणु वाफ पुरली असती. प्रत्यक्षांत ती अडीच-तीन पट सोडतात, म्हणजे भटक्या कार्बनला ऑक्सिजन हटकून मिळतो. परंतु पाण्याची वाफ करण्यास इंधन लागतें, आणि तें इंधन जाळलें म्हणजे पुन्हा पहिल्या दुखण्यांत भर. डेन्मार्कच्या रोस्ट्रुप-नील्सेन यांनीं दुसरीही युक्ति काढली. गंधक हें निकेलचें विष आहे. तें विषच औषधाच्या मात्रेनें दिलें तर काजळी धरणाऱ्या जागा आधीं मरतात आणि थोड्या कामाच्या जागा जिवंत राहतात. युक्ति चालली, पण विष तें विषच. निकेलचा बराचसा वेग तिच्यांत खर्ची पडतो.

या ठिकाणीं द्विधातूची कल्पना पुढें येते. निकेलला दुसऱ्या धातूची सोबत दिली तर?

आपली साधी समजूत अशी असते कीं, कामाला दुसरा गडी लावावयाचा तो पहिल्याइतका किंवा त्याहून जोरकस असावा. १९९८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत बेसेनबाखर, खॉर्केनडॉर्फ, नर्स्कोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांतील निवड या समजुतीच्या अगदीं उलट होती. त्यांनीं निकेलला सोन्याची सोबत दिली. सोन्याइतका रासायनिक दृष्ट्या उदासीन धातु दुसरा नाहीं. तें गंजत नाहीं, हवेपाण्याशीं व्यवहार करीत नाहीं. म्हणून तर पिढ्यान् पिढ्या गळ्यांत तसेंच राहतें. मिथेन फोडण्याच्या कामीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं. शिवाय आणखी एक अडचण: निकेल आणि सोनें हे घडींव तुकड्यांत सामान्य तापमानास एकमेकांत मिसळत नाहींत. वितळवून एकत्र केलें तरी निवतांना ते वेगळे होऊं पाहतात.

परंतु धातूच्या पोटांत जें घडत नाहीं तें त्याच्या कातडीवर घडूं शकतें. निकेलच्या स्वच्छ पृष्ठावर सोन्याचे थोडे अणु पसरले असतां ते निकेलच्या वरच्या थरांतील अणूंना बाजूस सारून त्यांच्या जागीं बसतात, हें १९९३ सालींच डेन्मार्कमध्यें प्रत्यक्ष दिसलेलें होतें. म्हणजे आंत निव्वळ निकेल आणि वरच्या एका थरांत तेवढें सोनें मिसळलेलें. हें कळल्यावर अत्यल्प सोन्याचा उपयोग किती होईल तें ध्यानांत येतें: सोनें खोल जातच नाहीं, त्यामुळें कणभरही वायां जात नाहीं.

आतां हें सोनें करतें काय? दंगेखोर मुलें एका बांकावर ओळीनें बसलीं तर दंगा होणारच. शहाणे मास्तर त्यांच्या मधून मधून एकेक अबोल मुलगा बसवितात. अबोल मुलगा स्वतः कांहीं शिकवीत नाहीं, पण त्याच्यामुळें टोळकें जमत नाहीं. मिथेन फोडून कार्बनला ऑक्सिजन देण्यास निकेलच्या थोड्या शेजारी अणूंची मदत पुरते. पण ग्रॅफाइटचा आरंभ होण्यास कार्बनच्या बऱ्याच अणूंना एकत्र बसावयास सलग मोकळी जागा लागते. मधें सोनें येऊन बसलें कीं ती सलगता तुटते. इतकेंच नव्हे, तर सोन्याच्या शेजारचें निकेलही कार्बनला पूर्वीइतक्या घट्टपणें धरीत नाहीं. पुढील गणितांवरून असेंही दिसून आलें कीं, स्फटिकाच्या अंगावरील ज्या पायऱ्यांच्या कडेला ग्रॅफाइट पहिल्यानें फुटतें, त्या कडांवर जाऊन बसण्याची सोन्याला विशेष आवड आहे. ऐन मर्मावरच पहारा बसतो असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यांचा प्रयोगही सुरेख होता. काजळी लवकर धरावी म्हणून त्यांनीं मिथेनऐवजीं ब्युटेन घेतला, आणि उत्प्रेरक ताजव्यांत टांगून त्यावरून ब्युटेन व वाफ नेली. काजळी धरली तर वजन वाढणार. नुसत्या निकेलचें वजन वाढत गेलें. किंचित् सोनें दिलेल्या निकेलचें वाढलें नाहीं. वेग थोडा उणा झाला, कारण कांहीं जागा सोन्यानें अडविल्या होत्या, पण तो टिकून राहिला.

मला या प्रयोगाचें महत्त्व सोन्यापेक्षां दुसऱ्याच गोष्टींत वाटतें. उत्प्रेरक शोधण्याची आजवरची रीति म्हणजे हजार पुड्या करून पाहणें. अमोनियाकरितां योग्य उत्प्रेरक शोधतांना जर्मनींत मिटाश यांनीं या शतकापूर्वींच्या शतकाच्या प्रारंभीं हजारों मिश्रणें तपासलीं होतीं. येथें मात्र आधीं अणूंचें गणित झालें, त्या गणितानें सोन्याकडे बोट दाखविलें, आणि मग भट्टी पेटली. सोन्याचें उत्प्रेरक मोठ्या भट्ट्यांत सर्वत्र भरलें गेलें, असें मात्र कोणी समजूं नये. सोन्याची किंमत सर्वांस ठाऊक आहे. आणि शिवाय प्रयोग साडेपांचशें अंशांच्या सुमारास झालेला, भट्टी आठशें-नऊशें अंशांची, एवढ्या उष्णतेंत अणु आपल्या जागा धरून राहतीलच असा भरंवसा देतां येत नाहीं.

म्हणून स्वस्त सोबत्यांचा शोध चालूं आहे. कथील हें सोन्याप्रमाणेंच वागतें. भांड्यांना कल्हई करणारा धातु निकेलच्या अणूंनाही एका अर्थानें कल्हईच करतो. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत कथील-निकेलच्या मिश्रधातूवर चांगलें काम झालें आहे. कोबाल्टविषयीं मी फार सांगत नाहीं. तो निकेलचा सख्खा शेजारी, त्याचे गुण मधले. लोखंडाची तऱ्हा मात्र सर्वांहून निराळी. वाफेऐवजीं कार्बन डायॉक्साइड वापरून मिथेनची फोड करण्याचीही एक रीति आहे, आणि तींत काजळीचा उपद्रव फारच. तेथें निकेलमध्यें मिसळलेलें लोखंड कार्बन डायॉक्साइडमधून ऑक्सिजन घेऊन स्वतः गंजतें, तो ऑक्सिजन शेजारच्या काजळीला देऊन टाकतें, आणि पुन्हा शुद्ध लोखंड होतें. गंजणें हा लोखंडाचा आपल्या दारांखिडक्यांना नडणारा दोष येथें गुण होऊन बसला आहे. प्रमाण मात्र जपावें लागतें. लोखंड फार झालें तर निकेलचें काम मंदावतें.

येथवर आपण काजळीला शत्रु मानलें. आतां प्रश्न उलटा करूं. कार्बनला ऑक्सिजन दिलाच नाहीं, वाफही सोडली नाहीं, नुसता मिथेन निकेलवर फोडला, तर एका बाजूस हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूस घन कार्बन मिळेल. कार्बन डायॉक्साइड त्या क्रियेंत होणारच नाहीं! जी काजळी काल दुखणें होती तीच आज पीक झाली. उष्णतेचा हिशेबही मन लोभवील असा आहे. पाण्याचा रेणु फोडून हायड्रोजनचा एक रेणु मिळविण्यास जी शक्ति लागते, तिच्या सातव्या हिश्शाहूनही कमी शक्ति मिथेनपासून तोच रेणु मिळविण्यास पुरते. पाण्याचें विजेनें विघटन करून एक किलो हायड्रोजन काढावयाचा तर प्रत्यक्षांत पन्नास युनिटें किंवा त्याहूनही अधिक वीज लागते. भारत सरकारनें २०२३ सालीं हरित हायड्रोजनची जी योजना हातीं घेतली तिचा मुख्य भर या विजेच्या मार्गावर आहे, आणि सूर्यप्रकाश मुबलक असलेल्या देशानें तो धरावा हें योग्यच. परंतु वीज महाग असेतों दुसऱ्या मार्गाकडे पाठ फिरविणें शहाणपणाचें नाहीं.

या नव्या कामाला सोनें किंवा कथील नको. येथें काजळी थोपवावयाची नसून ती निकेलचा गळा न आवळतां वाढावी अशी तजवीज करावयाची आहे. एकटें निकेल पांचशें-सहाशें अंशांवर चांगलें काम करतें, पण त्याच्यावर गेलें कीं पापुद्र्यांनीं लवकर झांकलें जातें. आणि उष्णता कमी ठेवली तर मिथेन पुरता फुटत नाहीं. तांब्याची सोबत दिली तर हें संकट बरेंच टळतें. तांब्यांत कार्बन जवळजवळ विरघळत नाहीं. तें पृष्ठावर येऊन पसरतें आणि ग्रॅफाइटच्या सलग पापुद्र्याला ठिकठिकाणीं खंड पाडतें. त्यामुळें कणाची एक बाजू मिथेनसाठीं उघडी राहते आणि दुसऱ्या बाजूनें तंतु निघत राहतो. अशा मिश्रणाच्या एका ग्रॅमवर शेंकडों ग्रॅम कार्बन जमल्याचीं उदाहरणें आहेत.

तरीही शेवटीं कण थकतोच. मग कार्बन काढावा कसा? तो हवेंत जाळून टाकला तर उत्प्रेरक पुन्हा ताजें होतें खरें, पण जाळलेल्या कार्बनचा पुन्हा कार्बन डायॉक्साइड होतो; म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत. खरवडून काढला तर प्रत्येक तंतूबरोबर त्याच्या मस्तकावरचा निकेलचा मणिही जातो. आणि निकेल मिसळलेली काजळी ही बाजारांत कोणी सुखासुखीं घेत नाहीं, कारण निकेलची बारीक भुकटी फुप्फुसांस घातक आहे.

यावर २०१७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनीं जो तोडगा प्रसिद्ध केला तो फार कल्पक आहे. उत्प्रेरकाला पृष्ठ आहे म्हणून तें काजळतें. तर मग त्याला द्रवच करून टाकूं, असा त्यांचा विचार. निकेल एकटें वितळावयाचें म्हणजे १४५५ अंश पाहिजेत. बिस्मथ हा जड, सौम्य धातु मात्र अवघ्या २७१ अंशांवर वितळतो. त्यांनीं शंभर अणूंत सत्तावीस निकेलचे आणि त्र्याहत्तर बिस्मथचे असें मिश्रण वितळवून सुमारें हातभर व्यासाचा नव्हे, तर बारीक पण सव्वादोन हातांहून उंच असा त्याचा स्तंभ केला आणि त्याच्या तळाशीं मिथेनचे बुडबुडे सोडले. १०६५ अंशांवर शंभरांतील पंचाण्णव भाग मिथेन वर येईतों फुटून गेला. बुडबुड्यांतून हायड्रोजन बाहेर पडला आणि कार्बन हलका असल्यामुळें, उकळत्या रसावर मळी यावी तसा धातूच्या पृष्ठावर तरंगूं लागला. गुऱ्हाळांत जो मळी काढतो त्याच्याप्रमाणें हा कार्बन वरच्यावर काढून घ्यावयाचा. बिस्मथ एकटा मिथेनला फारसा फोडीत नाहीं, आणि निकेल त्या तापमानास एकटें द्रव होत नाहीं. दोघांचा संसार झाला तेव्हां काम झालें.

या मार्गाची बाजू मांडणाऱ्यांनीं दोन-तीन आंकडे लपवूं नयेत. मिथेन जाळला असतां जी उष्णता मिळाली असती तिच्यापैकीं सुमारें चाळीस टक्के या रीतींत कार्बनमध्येंच अडकून राहते. म्हणजे तेवढ्याच शक्तीच्या हायड्रोजनसाठीं जमिनींतून अधिक वायु काढावा लागणार. तो वायु विहिरींतून आणि नळांतून गळतां कामा नये, कारण वीस वर्षांच्या मुदतींत मिथेन हा कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें ऐंशीं पट उष्णता धरून ठेवतो. आणि कार्बनचें करावयाचें काय? एक किलो हायड्रोजनमागें तीन किलो कार्बन निघतो. आज जगांत तयार होणारा सर्व हायड्रोजन या रीतीनें काढला तर वर्षाला तीस कोटि टनांच्या जवळपास कार्बन सांचेल. टायरांच्या रबरांत आणि छपाईच्या शाईंत घालण्यासाठीं जी काजळी आज विकत घेतली जाते ती सगळी मिळून दीड कोटि टनांच्या आसपास आहे. बाकीचा कार्बन रस्त्यांत घालावा, सिमेंटांत मिसळावा कीं रिकाम्या खाणींत पुरावा, यावर एकमत नाहीं. पुरावयाचाच ठरला तरी तो घन आहे, आकाशांत उडून जात नाहीं, ही सोय लहान नव्हे.

वितळलेल्या धातूच्या स्तंभांतही सर्वच कांहीं साधलेलें नाहीं. वर आलेल्या कार्बनला बिस्मथ आणि निकेल चिकटलेले निघतात. बिस्मथ हा दुर्मिळ धातु, त्याचें उत्पादन थोडें. प्रत्येक टन कार्बनबरोबर त्याचा थोडा भाग जरी निघून गेला तरी हिशेब बुडतो. म्हणून त्याच संशोधकवर्तुळांतील लोकांनीं पुढें धातूच्या रसावर वितळलेल्या क्षारांचा एक थर तरंगत ठेवून पाहिला. कार्बन धातूंतून निघून त्या क्षारांतून वर येतांना त्याच्या अंगावरचे धातूचे थेंब मागें राहतात, आणि कार्बनला चिकटलेलें मीठ पुढें पाण्यानें धुवून काढतां येतें. अशा धुलाईनंतर कार्बनमध्यें धातु किती उरतो, आणि तो आणखी किती खालीं आणतां येईल, यावर सध्यां काम चालूं आहे.